“आमचं मूल काही खातच नाही” : मुलांच्या खाण्याच्या सवयी प्रश्नावलीने मोजण्याची रीत

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात, अंगणवाडीच्या पालकसभेत आणि आहारतज्ज्ञांसमोर एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते : “आमचं मूल काही खातच नाही.” हे वाक्य मनापासून उच्चारलेले असते, पण प्रत्येक वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो. एका मुलाचे पोट खरोखरच चार घासांत भरते. दुसऱ्याला भूक असते, पण ते एकेक घास गालात धरून तासभर ताटापुढे बसते. तिसऱ्याला वरणभात आणि बटाट्याची भाजी सोडून ताटात दुसरे काही आलेले खपत नाही; ते दोन पदार्थ मात्र ते पोटभर खाते. चौथे एरवी नीट जेवते, पण शाळेत कोणाशी बिनसले की संध्याकाळी जेवणाला हात लावत नाही. चौघांच्याही आया एकच तक्रार सांगतात आणि चौघींनाही एकच सल्ला मिळाला, तर निदान तिघींच्या बाबतीत तो निरुपयोगी ठरतो.

हे चार स्वभाव वेगळे करून मोजता येतात. त्यासाठी मानसशास्त्राने तयार केलेल्या साधनांपैकी सर्वांत जास्त वापरले जाणारे साधन म्हणजे ‘चिल्ड्रन्स ईटिंग बिहेवियर क्वेश्चनेअर’, म्हणजेच सीईबीक्यू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जेन वॉर्डल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २००१ साली प्रसिद्ध केले. मराठी भाषक कुटुंबांत ही प्रश्नावली वापरू इच्छिणारे मानसशास्त्राचे व आहारशास्त्राचे विद्यार्थी, समुपदेशक आणि आरोग्यक्षेत्रातील कार्यकर्ते यांच्यासाठी तिची रीत येथे पायरीपायरीने मांडली आहे.

प्रश्नावली नेमके काय मोजते

सीईबीक्यूमध्ये ३५ विधाने आहेत. मूल स्वतः ती भरत नाही. त्याला रोज खाताना पाहणारी व्यक्ती, बहुधा आई किंवा वडील, प्रत्येक विधानापुढे ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंतच्या पाच पर्यायांपैकी एक निवडते. या विधानांतून आठ गुणविशेष मोजले जातात. त्यांतील चार मुलाला अन्नाकडे ओढणारे आहेत : अन्न दिसले, वास आला की खावेसे वाटणे (५ विधाने), खाण्यातला आनंद (४), भावना दाटून आल्या की जास्त खाणे (४) आणि सतत काहीतरी पिण्याची इच्छा (३). उरलेले चार अन्नापासून दूर नेणारे आहेत : पोट लवकर भरल्याची जाणीव होणे (५), सावकाश खाणे (४), भावनांमुळे कमी खाणे (४) आणि पदार्थांबाबतचा हट्टी नापसंतीचा स्वभाव (६).

हे आठही गुणविशेष कमीअधिक प्रमाणात प्रत्येक मुलात असतात. उंचीप्रमाणे ते एका पट्टीवर पसरलेले असतात आणि त्या पट्टीवर ‘येथून पुढे आजार’ अशी रेघ मारलेली नाही. सीईबीक्यूला निदानासाठीचा कोणताही सर्वमान्य सीमांक नाही, ही गोष्ट कामाला हात घालण्यापूर्वीच मनात पक्की करावी. ‘अमुक गुण आले म्हणजे मुलाला विकार आहे’ असे वाक्य या प्रश्नावलीच्या आधारावर लिहिता येत नाही आणि कोणी लिहून दिले, तर ते स्वीकारू नये.

कोणत्या प्रश्नाला कोणती प्रश्नावली

पहिली पायरी कागदावर एक वाक्य लिहिण्याची आहे : मला काय जाणून घ्यायचे आहे आणि ते कळल्यावर मी काय करणार आहे? हे वाक्य जमेपर्यंत प्रश्नावली निवडू नये. पुष्कळ प्रबंधांचे नुकसान याच पायरीवर होते, कारण हाताशी आलेली प्रश्नावली आधी वाटली जाते आणि प्रश्न मागाहून शोधला जातो.

मुलाची भूक, तृप्ती आणि आवडनिवड यांविषयी जाणून घ्यायचे असेल, तर सीईबीक्यू योग्य ठरते. पालक मुलाला कसे भरवतात, म्हणजे आग्रह किती करतात, कोणते पदार्थ हाताला लागू देत नाहीत, काय खाल्ले यावर लक्ष किती ठेवतात, हे पाहायचे असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी वेगळे साधन आहे. लीन बर्च आणि सहकाऱ्यांची, २००१ सालीच प्रसिद्ध झालेली ‘चाइल्ड फीडिंग क्वेश्चनेअर’ ३१ विधानांतून पालकांच्या या वागण्याचा आणि मुलाच्या वजनाविषयी त्यांना वाटणाऱ्या काळजीचा वेध घेते. मुलाचा स्वभाव आणि पालकांची रीत एकाच प्रश्नावलीतून कळेल असे गृहीत धरले, तर दोन्ही गोष्टी निसटतात.

वयही पाहावे लागते. केवळ दुधावर असलेल्या बाळांसाठी सीईबीक्यूचेच छोटे भावंड म्हणावे असे १८ विधानांचे साधन २०११ साली प्रसिद्ध झाले; त्यात पालकांना त्या पहिल्या महिन्यांतले स्तनपान किंवा बाटलीचे दूध आठवून उत्तरे द्यायची असतात. सात ते बारा वर्षांच्या मुलांना स्वतःलाच विचारायचे असेल, तर नेदरलँड्समध्ये तयार झालेली ‘डच ईटिंग बिहेवियर क्वेश्चनेअर’ची मुलांसाठीची २० विधानांची आवृत्ती आहे. मोठी मुले दिवसातले बरेचसे खाणे आईच्या नजरेआड, शाळेच्या मधल्या सुट्टीत आणि कोपऱ्यावरच्या दुकानात करतात. म्हणून वय वाढत जाते तसतसे पालकांच्या उत्तरांवर विसंबणे कमी करून मुलालाच विचारण्याकडे वळावे, असे माझे मत आहे.

परवानगी आणि संमती

मूळ प्रश्नावली कोणाच्या तरी श्रमांतून उभी राहिलेली आहे. भाषांतर करण्यापूर्वी मूळ लेखकांना किंवा त्यांच्या संस्थेला लिहावे, वापराचा हेतू कळवावा आणि त्याच पत्रात त्याच भाषेतले काम आधी कोणी केले आहे का, हेही विचारावे. तयार मराठी आवृत्ती हाती आली, तर ती कोणी केली, किती कुटुंबांवर तपासली आणि कोणत्या भागातली बोली समोर ठेवून केली, हे विचारल्याशिवाय वापरू नये.

संशोधन असेल, तर संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या लेखी संमतीबरोबर ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलांची लेखी अनुमती घेणे अपेक्षित आहे. प्रश्नावली पालक भरणार असले, तरी मुलाचे वजन घ्यायचे असेल किंवा त्याला जेवताना पाहायचे असेल, तर मुलाला विचारणे आवश्यक आहे. वर्गात सर्वांसमोर वजनकाट्यावर उभे राहण्याची लाज मुलांच्या मनात फार काळ राहते. वजन नेहमी आडोशाला घ्यावे आणि आकडा मोठ्याने उच्चारू नये.

भाषांतर : सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

भाषांतराची प्रस्थापित पद्धत सांगायला सोपी आहे. दोघांनी स्वतंत्रपणे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करावे; दोन्ही मसुदे समोर ठेवून एक मसुदा ठरवावा; ज्याने मूळ प्रश्नावली पाहिलेलीच नाही अशा तिसऱ्या व्यक्तीने तो पुन्हा इंग्रजीत न्यावा; मग मूळ आणि परतलेले इंग्रजी ताडून पाहावे. उलट भाषांतराची ही रीत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली मांडली. तिची मर्यादा अशी की शब्दाला शब्द ठेवून केलेले कृत्रिम मराठी उलट भाषांतरात अगदी अचूक परत येते आणि तरीही नाशिकच्या किंवा लातूरच्या आईला ते कळत नाही. म्हणून उलट भाषांतर जुळले, एवढ्यावर समाधान मानू नये.

खरी अडचण शब्दांच्या पोटात असते. इंग्रजीत ‘फूड’ हा एक शब्द पुरतो, मराठीत मात्र जेवण, खाणे आणि खाऊ हे तीन वेगळे व्यवहार आहेत. “माझ्या मुलाला जेवण फार आवडतं” असे लिहिले, तर आई पोळी-भाजी, वरणभात आठवते आणि ‘क्वचित’वर खूण करते, “माझ्या मुलाला खायला फार आवडतं” असे लिहिले, तर तीच आई चिवडा, बिस्किटे, आंबा हे सगळे आठवून ‘नेहमी’वर खूण करते. मूळ विधानाचा रोख खाण्याच्या एकूण आवडीवर आहे, त्यामुळे येथे ‘खायला’ हा शब्द हवा. पण ताटात अन्न उरवण्याविषयीच्या विधानात जेवणच अभिप्रेत आहे. तेथे ‘खाणे’ चालणार नाही. अशा प्रकारे प्रत्येक विधानापाशी थांबून हा निर्णय घ्यावा आणि तो का घेतला, हे वहीत नोंदवून ठेवावे.

पदार्थांबाबत हट्टी असलेल्या मुलासाठी काही भाषांतरकार ‘चोखंदळ’ हा शब्द निवडतात. तो टाळावा. मराठीत चोखंदळ माणसाला पारख असते, चोखंदळ वाचकाचे आपण कौतुक करतो. आईला हा शब्द गौरवाचा वाटेल. ‘नखरे करते’ या शब्दांत उलट दोषारोप आहे आणि आई तो आपल्या मुलावर सहजी घेणार नाही. “त्याच्या पसंतीचं जेवण करणं अवघड जातं” असे साधे वर्णन दोन्ही धोक्यांपासून दूर राहते.

भावनांची विधाने सर्वांत नाजूक आहेत. मूळ प्रश्नावलीत मूल काळजीत असताना जास्त खाते का आणि अस्वस्थ, धास्तावलेले असताना जास्त खाते का, अशी दोन वेगळी विधाने आहेत. इंग्रजीतही त्या दोन शब्दांत फार अंतर नाही. मराठीत ते आणखी कमी होते. शिवाय “पाच वर्षांच्या पोराला कसली आलीय काळजी?” असा प्रश्न पालकांकडून येऊ शकतो, हे धरूनच चालावे. “मनाला काहीतरी लागून राहिलं असेल तेव्हा” आणि “घाबरलं किंवा धास्तावलं असेल तेव्हा” असे वर्तनाजवळ जाणारे शब्द येथे उपयोगी पडतात. दुखावल्या गेलेल्या मुलासाठी मराठीत ‘हिरमुसणे’ हा नेमका शब्द आहे. तो मुलांसाठीच वापरला जातो आणि घराघरांत समजतो. राग आणि चिडचिड यांतला फरकही जपावा, कारण मूळ मांडणीत राग आला असता कमी खाणे एका गुणविशेषात आहे आणि चिडले असता जास्त खाणे दुसऱ्यात. याच ठिकाणी आणखी एक सावधगिरी हवी. “आनंदात असताना जास्त खाते” हे विधान ‘भावनांमुळे जास्त खाणे’ या गटातले वाटते, परंतु मूळ मांडणीत ते ‘भावनांमुळे कमी खाणे’ या गटात आहे. मूळ गुणांकन न पाहता केवळ अंदाजाने गट पाडणाऱ्याकडून येथे हमखास चूक होते.

‘ड्रिंक’साठी ‘पेय’ हा शब्द पुस्तकी आहे आणि ‘प्यायला मागते’ म्हटले की डोळ्यांसमोर पाणी येते. विदर्भात मे महिन्यात कोणते मूल दिवसभर पाणी मागणार नाही? तेव्हा ही तीन विधाने वापरताना मूल काय पिते, पाणी, दूध की गोड सरबत, हे एका जादा प्रश्नाने विचारून ठेवावे. तो प्रश्न गुणांत धरायचा नाही, पण अर्थ लावताना त्याचा मोठा उपयोग होतो.

शेवटची बाब लिंगाची. इंग्रजी ‘चाइल्ड’ला मराठीत ‘मूल’ हा नपुंसकलिंगी शब्द आहे, पण आपल्या मुलाविषयी बोलताना आई “माझं मूल सावकाश खातं” असे क्वचितच म्हणते; “हा फार सावकाश खातो” किंवा “ही सावकाश खाते” असेच म्हणते. मुलग्यासाठी आणि मुलीसाठी दोन वेगळे छापील नमुने करावेत. खर्च थोडा वाढतो, पण पस्तीस विधाने वाचताना आईच्या डोळ्यांसमोर तिचेच लेकरू राहते.

छापण्यापूर्वी ऐकून घेणे

भाषांतर ठरल्यावर ते आठ-दहा पालकांसमोर बसून वाचून घ्यावे. हे पालक एकाच थरातले नसावेत : त्यांत शहरी नोकरदार आई असावी, शेतावर जाणारी आई असावी, एखादे वडील आणि एखादी आजीही असावी. प्रत्येक विधान त्यांना वाचू द्यावे आणि मग विचारावे : “हे वाक्य तुमच्या शब्दांत सांगाल का? हे वाचून तुम्हाला कोणता प्रसंग आठवला? ‘बऱ्याचदा’ म्हणजे आठवड्यातून साधारण किती वेळा?” उत्तर बरोबर की चूक हे येथे पाहायचे नसते, ती व्यक्ती विधानापासून उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचली, हे ऐकायचे असते.

या संवादांत ज्या जागा उघड्या पडतात, त्या कोणत्याही गणितातून दिसत नाहीत. “जेवण संपवायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो” या विधानाचे उदाहरण घ्या. ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ म्हणत भरवल्या जाणाऱ्या मुलाचा वेग हा भरवणाऱ्या हाताचा वेग असतो, आणि मोबाइलवर गाणी लावून जेवणाऱ्या मुलाचा वेग पडद्याचा असतो. “ताटात अन्न उरवते” या विधानाचेही तसेच. ज्या घरात पानात टाकणे हा मोठा दोष मानला जातो, तेथे मूल उरवत नाही; ते आईने कालवलेला शेवटचा घास कसाबसा गिळते किंवा ते उरलेले वडील संपवतात. तृप्तीची जाणीव तेथेही तितकीच तीव्र असू शकते, फक्त ताटावर ती दिसत नाही. अशा वेळी विधान बदलण्याचा मोह होतो. माझा सल्ला असा की मूळ विधानाचा आशय तसाच ठेवावा आणि “मूल स्वतःच्या हाताने खाते की भरवावे लागते?”, “जेवताना पडदा चालू असतो का?” हे दोन प्रश्न प्रश्नावलीच्या बाहेर, वेगळ्या पानावर विचारावेत. विधानेच बदलली, तर इतर देशांतील आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहण्याचा मार्ग बंद होतो.

पाच पर्यायांचे शब्दही याच वेळी तपासावेत. ‘क्वचित’ हा शब्द वाचायला सोपा असला, तरी बोलण्यात कमी येतो. ‘फार कमी वेळा’ अधिक नीट समजते. ज्यांना वाचण्याची सवय नाही त्यांच्यासाठी रिकाम्या वर्तुळापासून पूर्ण भरलेल्या वर्तुळापर्यंत पाच चित्रांचे कार्ड करता येते. वर्तुळांऐवजी वाट्या काढू नयेत, कारण भरलेली वाटी पाहिल्यावर मनात ‘किती वेळा’ऐवजी ‘किती अन्न’ येते.

कोणी भरावी, कधी भरावी

ज्या व्यक्तीसमोर मूल दिवसातून सर्वाधिक वेळा खाते, तिने प्रश्नावली भरावी. ती नेहमी आईच असेल असे नाही. आईवडील दोघेही कामावर जात असतील, तर ती आजी असेल किंवा पाळणाघरातल्या ताई असतील. एका अभ्यासात मात्र कोणी भरली याची नोंद प्रत्येक अर्जावर असलीच पाहिजे आणि दुसऱ्यांदा मोजताना त्याच व्यक्तीने भरली पाहिजे. शक्य असेल तेथे काही मुलांसाठी दोन व्यक्तींकडून स्वतंत्रपणे भरून घ्यावी. आई आणि आजी यांची उत्तरे जुळली नाहीत, तर त्यांतली एक खोटी असे समजू नये. मूल दोघींसमोर वेगळे वागत असणे अगदी शक्य आहे आणि तीही माहितीच आहे.

मूल आजारी असताना किंवा नुकतेच तापातून उठलेले असताना प्रश्नावली भरून घेऊ नये. दिवाळीच्या फराळाचे दिवस, मे महिन्यातले आजोळ आणि शाळा सुरू होण्याचा पहिला आठवडा टाळावा. मोठ्याने वाचून उत्तरे घ्यायची असतील, तर सर्व कुटुंबांत तशीच घ्यावीत आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असताना घेऊ नयेत.

गुण कसे काढावेत

‘कधीच नाही’ला १ आणि ‘नेहमी’ला ५ असे गुण द्यावेत. पाच विधानांचे गुण उलटे करावे लागतात, कारण ती आपल्या गुणविशेषाच्या विरुद्ध दिशेने लिहिलेली आहेत. मूळ क्रमानुसार ती ३, ४, १०, १६ आणि ३२ या क्रमांकांची आहेत : मोठी भूक असणे, जेवण झटपट संपवणे, आणि नवे किंवा तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ आवडीने खाण्याविषयीची तीन विधाने. उलटे करण्यासाठी ६ मधून मिळालेले गुण वजा करावेत.

पोट लवकर भरण्याच्या गुणविशेषाचे उदाहरण पाहू. एका आईने मोठ्या भुकेच्या विधानाला ४, ताटात उरवण्याच्या विधानाला ४, जेवण संपण्याआधी पोट भरण्याला ३, सहज पोट भरण्याला ४ आणि आधी काही खाल्ले तर जेवण न जाण्याला ५ गुण दिले, असे समजा. पहिले विधान उलटे केले की ६ − ४ = २. मग २ + ४ + ३ + ४ + ५ = १८ आणि १८ ला ५ ने भागले की ३.६. उलटे करायचे राहून गेले असते, तर सरासरी ४.० आली असती. हा फरक लहान दिसतो, पण शंभर मुलांच्या माहितीत तो सगळे निष्कर्ष वाकवू शकतो.

आठही गुणविशेषांच्या सरासऱ्या स्वतंत्र ठेवाव्यात. पस्तीस विधानांची एकत्रित बेरीज करू नये, कारण ओढ आणि दुरावा यांची बेरीज केली तर हाती काहीच अर्थ राहत नाही. काही विधाने कोरी राहिली, तर काय करायचे हा नियम माहिती गोळा करण्याआधीच लिहून ठेवावा. गटातील निम्म्याहून जास्त विधाने भरलेली असतील तरच उरलेल्यांची सरासरी घ्यावी, हा वाजवी नियम आहे. एखादे विधान अनेकांनी कोरे सोडले असेल, तर दोष विधानाच्या मराठीत आहे असे समजून पुन्हा भाषांतराकडे जावे.

आकड्यांवर विश्वास किती ठेवावा

नव्या भाषेतल्या आवृत्तीत दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एकाच गटातली विधाने एकमेकांना धरून आहेत का, हे क्रॉनबाखच्या अल्फा गुणकातून किंवा ओमेगा गुणकातून पाहतात, साधारण ०.७० च्या वर असल्यास काम चालते. अल्फा अनपेक्षित कमी आला, तर प्रथम उलट गुणांकन तपासावे. पिण्याविषयीच्या गटात तीनच विधाने असल्याने तेथे थोडा कमी अल्फा समजून घेता येतो. दोन-तीन आठवड्यांनी काही पालकांकडून पुन्हा भरून घेऊन उत्तरे किती स्थिर आहेत, हेही पाहावे.

दुसरी तपासणी रचनेची. पस्तीस विधाने खरोखर आठ गटांत पडतात का, हे घटक विश्लेषणातून कळते. त्यासाठी एका विधानामागे दहा कुटुंबे हा ढोबळ ठोकताळा धरला, तरी ३५० कुटुंबे लागतात. येथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : मूळ इंग्लिश अभ्यासातही पोट लवकर भरणे आणि सावकाश खाणे हे दोन गट एकमेकांत मिसळले होते आणि नेदरलँड्समधील २००८ च्या अभ्यासातही सातच घटक निघाले. मराठी आवृत्तीत तसे झाले, तर भाषांतर फसले असे लगेच मानू नये. ज्याचे पोट भरत आले आहे ते मूल सावकाश खाणारच.

मग प्रश्न उरतो की आई जे सांगते ते मुलाच्या खाण्यात दिसते का. सुसान कार्नेल आणि जेन वॉर्डल यांनी २००७ साली चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे पडताळून पाहिले. मुले भूक नसताना समोरचा खाऊ किती खातात, आधी काही खाल्ल्यावर पुढच्या जेवणात किती कमी घेतात, किती वेगाने खातात, हे प्रत्यक्ष मोजून त्यांनी ते पालकांच्या उत्तरांशी ताडले आणि त्यांत संबंध आढळला. इतकी व्यवस्था सर्वांना शक्य नाही. पण अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या जेवणाच्या वेळी काही मुलांना खाताना पाहून लागलेला वेळ आणि ताटात उरलेले अन्न नोंदवणे सहज शक्य आहे, आणि प्रत्येक अभ्यासात निदान वीस-पंचवीस मुलांबाबत ते करावेच, असे मला कळकळीने वाटते. वजनाशी ताडायचे असेल, तर नुसते किलोग्रॅम पाहू नयेत. पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मानके आणि त्यापुढे १८ वर्षांपर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते वापरावेत.

एकट्या मुलाच्या बाबतीत आकड्याला किती वजन द्यावे, याचे गणितही करून ठेवावे. समजा, एखाद्या गुणविशेषाचे प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, ०.८ आहे आणि विश्वसनीयता, म्हणजे वर सांगितलेला अल्फासारखा गुणक, ०.७५ आहे. मापनातील प्रमाण त्रुटी म्हणजे ०.८ गुणिले (१ − ०.७५) चे वर्गमूळ, म्हणजे ०.४. दोन्ही बाजूंना या त्रुटीची सुमारे दुप्पट जागा सोडावी लागते; याचा अर्थ ३.६ गुण मिळालेल्या मुलाचा खरा गुण साधारण २.८ ते ४.४ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. आणि आधीच्या व नंतरच्या अशा दोन्ही मोजण्यांची त्रुटी एकत्र धरली, तर सहा महिन्यांच्या समुपदेशनानंतर गुणांत किमान १.१ चा फरक पडल्याशिवाय मूल बदलले असे म्हणता येत नाही. गटांची तुलना करताना ही त्रुटी सरासरीत बरीच विरते, एका मुलापाशी ती पूर्ण उभी राहते.

कार्यकारणभावाविषयीही सावध राहावे. आग्रह करून भरवणाऱ्या आयांची मुले बारीक असतात असे आढळले, तर आग्रहामुळे मूल बारीक झाले की बारीक दिसते म्हणून आई आग्रह करते, हे एकदाच केलेल्या मोजणीतून कळत नाही. शिवाय दोन्ही प्रश्नावल्या एकाच आईने भरल्या असतील, तर तिच्या काळजीचा रंग दोन्हींवर चढलेला असतो.

पालकांना काय सांगावे

निष्कर्ष सांगताना आकडा न देता वर्णन द्यावे. “तुमच्या मुलीचं पोट इतर मुलांपेक्षा लवकर भरतं, पण नवे पदार्थ ती आवडीने चाखते” हे वाक्य आईच्या उपयोगाचे आहे, ‘३.६’ हा आकडा नाही. अनेक आया स्वतःला दोषी मानत आलेल्या असतात, आणि त्यांना सांगण्यासारखी एक भक्कम गोष्ट आपल्याकडे आहे. ब्रिटनमधील आठ ते अकरा वर्षांच्या जुळ्यांच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तृप्तीच्या जाणिवेतील मुलामुलांमधल्या फरकांपैकी ६३ टक्के आणि खाण्यातल्या आनंदातील ७५ टक्के फरक आनुवंशिकतेशी निगडित आढळले. हे आकडे त्या समूहाचे आहेत, एखाद्या मुलाचे नव्हेत. तरीही मुलाची भूक ही आईच्या संगोपनाची परीक्षा नाही, एवढे त्यांतून निश्चित कळते. भावनांमुळे जास्त खाण्याच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. तेथे लहान वयात घरातल्या वातावरणाचा वाटा मोठा आढळतो, आणि रडणाऱ्या मुलाला चॉकलेट देऊन गप्प करण्याच्या सवयीविषयी बोलणे त्या घरात उपयोगी पडू शकते.

सल्ला गुणविशेषाला धरून द्यावा. पोट लवकर भरणाऱ्या मुलाला ताट लहान वाढावे, जेवणाच्या आधी तास-दीड तास दूध किंवा बिस्किटे देऊ नयेत आणि “बास” म्हटल्यावर थांबू द्यावे. नवे पदार्थ नाकारणाऱ्या मुलासमोर तोच पदार्थ चिमूटभर, जबरदस्ती न करता, अनेक वेळा येऊ द्यावा. पहिल्या नकारावर पदार्थ कायमचा बाद करू नये. अन्न दिसले की खावेसे वाटणाऱ्या मुलाला उपदेश करण्यापेक्षा डबे नजरेआड ठेवणे जास्त परिणामकारक ठरते.

काही गोष्टी दिसल्या, तर मात्र प्रश्नावली बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. वजन घटत असेल किंवा वाढ थांबली असेल, गिळताना दुखत असेल, वारंवार ठसका लागत असेल, किंवा खाण्याचे पदार्थ कमी होत होत बोटांवर मोजण्याइतके उरले असतील, तर तो स्वभाव आहे असे मानून थांबू नये. माती, खडू, भिंतीचा चुना खाण्याविषयी सीईबीक्यूमध्ये एकही विधान नाही. ते वेगळे विचारावे आणि होकार आल्यास रक्तातील लोह तपासायला सांगावे. पिण्याच्या इच्छेच्या तीन विधानांना पाच-पाच गुण आले आणि त्याबरोबर मुलाला वारंवार लघवी होत असेल, रात्री अंथरूण ओले होऊ लागले असेल, वजन उतरत असेल, तर मधुमेहाची शक्यता लक्षात घेऊन रक्तातील साखर तपासण्यास विलंब करू नये. यासाठी अर्ज गोळा करतानाच, ते कुटुंब समोर असतानाच, ही तीन उत्तरे नजरेखालून घालावीत. गुण संगणकात भरून होईपर्यंत थांबले, तर त्या मुलासाठी उशीर झालेला असू शकतो.